बाल्झाकच्या बेतचा सूड नेमका कशासाठी?

ओनोरे द बाल्झाकच्या ‘ला कुझीन बेत’ (१८४६) या कादंबरीतील बेत केवळ एक पुरुष हातचा गेला म्हणून साऱ्या घरावर सूड उगवते, हे पटण्याजोगे आहे का, असे आपण विचारले आहे. (‘बेत’ या फ्रेंच नावाचा मराठी अर्थ तिला किती लागू पडतो, हा निव्वळ योगायोग.) माझ्या मते तो पुरुष निमित्तमात्र आहे.

लिझबेथ ऊर्फ बेत आणि आदलीन या शेतकरी घरातल्या चुलत बहिणी. आदलीन देखणी म्हणून तिला जपले गेले आणि बेतच्या वाट्याला शेतातले राबणे आले. लहानपणी एकदा तिने आदलीनचे ते सर्वांच्या कौतुकाचे सरळ नाक ओढून तोडण्याचा प्रयत्न केला व त्यापायी मार खाल्ला. पुढे बॅरन युलोची पत्नी झालेल्या आदलीनने तिला पॅरिसला आणले, कलाबतूच्या कामाला लावले, जेवायला बोलावले, कपडे दिले. पण बेत त्या कपड्यांना आपल्या जुन्या वळणाची अशी कात्री लावी, की त्यांची सारी रया जाई. उपकार नाकारायचे नाहीत, मात्र घेऊन विद्रूप करायचे, ही तिची रीत मला तिच्या कोणत्याही कारस्थानापेक्षा बोलकी वाटते.

वरच्या माळ्यावर कोळशाच्या धुराने जीव देऊ पाहणाऱ्या स्टाइनबॉक या पोलिश शिल्पकाराला तिने वाचवले, पोसले आणि दिलेल्या पैशांचे कागदही लिहून घेतले. ही माया आईची, प्रेयसीची की सावकाराची, हे बाल्झाक उलगडून सांगत नाही. आयुष्यात प्रथमच जे तिचे स्वतःचे होते, तेही आदलीनच्या मुलीने, ओर्तांसने, त्याच्याशी लग्न करून नेले. म्हणजे मोठ्या बहिणीचे जुनेच पारडे पुन्हा जड झाले.

तरीही युलो घराण्याच्या अधःपाताचे सारे खापर बेतवर फोडता येत नाही. ती बॅरनची प्रेयसी झालेल्या व्हालेरी मार्नेफ या विवाहित शेजारणीला हाताशी धरते खरी, पण बायकांच्या नादापायी दोघी बहिणींच्या काकांना अल्जीरियातील लष्करी पुरवठ्याच्या अफरातफरीत ढकलतो तो बॅरन स्वतःच, आणि त्याला दर वेळी क्षमा करणारी आदलीन त्याची वाट मोकळीच ठेवते. अखेरीस घराला पुन्हा बरे दिवस येतात, ते पाहवत नसलेली बेत क्षयाने मरते, आणि तिच्या मनातले काहीच न कळलेली ती सारी माणसे तिच्या बिछान्याभोवती उभी राहून रडतात.