बरे वाटू लागल्यावर नैराश्याच्या गोळ्या बंद कराव्यात का?

आपल्या भावाला नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम सुरू होऊन दोन महिने झाले आहेत, त्याला बरे वाटू लागले आहे आणि आता गोळ्या थांबवून योगासने व सकारात्मक विचार यांवरच भर द्यावा असे घरातील मोठ्यांचे म्हणणे आहे, असे आपण लिहिले आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. असा सल्ला मानल्यावर काय होते, ते मी माझ्या घरात पाहिले आहे.

माझे यजमान माध्यमिक शाळेत गणित शिकवत. आजार वाढला तेव्हा ते पहाटे तीन-साडेतीनला जागे होत आणि उजाडेपर्यंत पलंगाच्या कडेवर बसून राहत. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात आणि लाल पेन हातात असे, पण एकाच मुलाच्या गुणांची बेरीज ते पुन्हा पुन्हा करत आणि ती बरोबर आली आहे यावर त्यांचा विश्वासच बसत नसे. अन्नावरची वासना उडाली होती. मानसोपचारतज्ज्ञांनी थायरॉईड आणि बी-१२ची तपासणी करून गोळ्या सुरू केल्या आणि गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका, असे बजावले. तसेच झाले, आधी झोप सुधारली, मग भूक, आणि मन सर्वांत शेवटी.

पुढे गणपतीत आम्ही गावी गेलो असता मोठ्या दिरांनी त्यांच्या पिशवीतून गोळ्या काढून घेतल्या. शिकल्यासवरलेल्या माणसाला मनावर ताबा ठेवता येत नाही का, या गोळ्यांची सवय लागली की जन्मभर सुटत नाही, असे त्यांनी सगळ्यांदेखत सुनावले आणि वडिलांच्या जागी असलेल्या भावापुढे यजमान गप्प राहिले. काही दिवसांतच त्यांना चक्कर येऊ लागली, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई. दिरांनी हाच व्यसनाचा पुरावा मानला. वास्तविक व्यसनात पदार्थाची ओढ लागते आणि मात्रा वाढवत न्यावी लागते. या गोळ्यांचे तसे होत नाही. औषध एकाएकी तोडल्याने तो त्रास होतो, म्हणूनच डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. सवय लागू शकते ती क्लोनाझेपामसारख्या गोळीची, जी पुष्कळदा सुरुवातीला झोपेसाठी थोडे दिवस देतात. चक्कर थांबली, पण दिवाळीच्या सुमारास मूळ आजार पहिल्यापेक्षा अधिक जोराने उलटला आणि त्यांना बिनपगारी रजेवर जावे लागले. गोळ्या काढून घेणारे त्या रात्री जागायला आमच्या घरी नव्हते.

पहिल्यांदाच आजार झाला असेल, तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. आजार उलटलेला असेल, तर त्याहून बराच अधिक काळ. योगासनांना माझा विरोध नाही. यजमान सकाळी फिरायला जाऊ लागले, पुढे सूर्यनमस्कारही घालू लागले, परंतु हे सर्व औषधाने उठण्याइतके बळ आल्यानंतर, आधी नव्हे. पुढे डॉक्टरांनीच मात्रा हळूहळू कमी करत औषध थांबवले. मोठे दीर आजही त्याचे श्रेय सूर्यनमस्कारांना देतात, ते मला मान्य नाही आणि घरच्या प्रत्येक कार्यात मी तसे त्यांच्या तोंडावर सांगते. आपणही घरातील मोठ्यांना पुढच्या तपासणीस सोबत न्यावे आणि त्यांच्या शंका त्यांनाच डॉक्टरांपुढे मांडू द्याव्यात.

अर्थात सौम्य नैराश्यात प्रत्येकाला गोळ्या लागतातच असे नाही. समुपदेशन आणि विचारांची पद्धत बदलण्याचे शास्त्रीय उपचारही गुणकारी ठरतात, आणि ते गोळ्यांच्या जोडीनेही देता येतात. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा काळ येऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना अवश्य सांगावा, कारण मग आजार वेगळा असू शकतो आणि औषधही बदलते. भाऊ पंचविशीच्या आतला असेल, तर औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना त्याच्याकडे विशेष लक्ष ठेवावे. जीव नकोसा झाल्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.