म्युझियममधल्या गणपतीला नमस्कार

प्रिय सई,

परवा तू फोनवर विचारलंस तेव्हा मी कुकर लावत होते, म्हणून "लिहून पाठवते" म्हणाले. तुझं म्हणणं असं की अनंत चतुर्दशीला आपण गणपती बाल्कनीतल्या बादलीत विसर्जित करतो, नंतर ती माती कुंडीत घालतो आणि कुणाला काही वाटत नाही. मग ब्रिटिश म्युझियममध्ये आजी दगडी गणपतीसमोर चपला काढून, हात जोडून का उभी राहिली? आणि तिथे टूर देणारी मी तिला काही बोलले कशी नाही?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. तिथे मूर्तीला हात लावायला बंदी आहे, हात जोडायला नाही. ३३ नंबरच्या दालनात मी टूर देते तेव्हा आजीसारखी माणसं बरीच भेटतात. बोलता बोलता एखादे गुजराती काका डोळे मिटतात, एखादी तमिळ बाई पुटपुटायला लागते. मी वाक्य अर्धवट सोडते आणि थांबते. बाकीची मंडळी आपोआप गप्प होतात. चपला मात्र पायात राहू द्याव्यात, नाहीतर सुरक्षारक्षक धावत येतो, तसा आजीसाठी आलाच होता.

पहिला प्रश्न मी आजीलाच विचारला होता, परतीच्या बसमध्ये. ती म्हणाली, "त्याची उत्तरपूजा कुणी केली होती का? नाही ना? मग?"

हे उत्तर मला अजून कुठल्या लेबलवर सापडलेलं नाही. आठव, चतुर्थीला बाबा गणपतीच्या छातीला हात लावून प्राणप्रतिष्ठेचा मंत्र म्हणतात. तोवर ती शाडूची वस्तू असते, दुकानातून पिशवीत घालून आणलेली. विसर्जनाआधी उत्तरपूजा होते, मूर्तीवर अक्षता टाकायच्या, "पुनरागमनाय च" म्हणायचं, मूर्ती जागची जराशी हलवायची. पाहुणा निघाला. मग बादलीत जाते ती पुन्हा माती. बोलावणं आणि निरोप, दोन्ही आपण रीतसर करतो, म्हणून कुंडीत माती घालताना मन खात नाही. म्युझियममधला तो गणपती ओडिशाचा, तेराव्या शतकातला. त्याला कुणीतरी बोलावलं होतं. निरोप दिल्याचं आजीला तरी माहीत नाही.

तू लगेच म्हणशील, पण भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत ना? बरोबर. हात किंवा नाक तुटलेली मूर्ती आपल्याकडे पाण्यात सोडतात, आणि म्युझियममध्ये निम्म्या मूर्ती तशाच असतात. पण आजीने पूजा कुठे केली? नमस्कार केला. पूजेला सोवळं, वेळ, फुलं, नैवेद्य असं सगळं लागतं. नमस्काराला काहीच लागत नाही. पुस्तकाला पाय लागला की आपण नमस्कार करतो, लांबून देवळाचा कळस दिसला तरी करतो, दुकानदार सकाळी शटर उघडताना उंबऱ्याला करतो. मराठी माणूस नमस्काराच्या बाबतीत अगदी उधळा आहे (बाकी बाबतीत नाही, हे तुला माहीतच आहे).

त्याच दालनात नटराज आहे, तमिळनाडूतला, इ. स. ११००च्या सुमाराचा, ब्राँझचा. लोक त्याचा उचललेला पाय बघतात. मी सांगते, आधी खाली बघा. अशा चोळकालीन मूर्तींच्या बैठकीला भोकं किंवा कड्या असतात. त्यांत दांडे घालून मूर्ती खांद्यावरून मिरवत नेत. गाभाऱ्यातला देव हलत नाही, म्हणून बाहेर पडायला ही वेगळी उत्सवमूर्ती. इंग्रज मंडळींना हे समजावून सांगावं लागतं. आपल्याला काय, सोमवती अमावस्येला जेजुरीचा खंडोबा पालखीतून कऱ्हेवर अंघोळीला जातो आणि आळंदीहून माउलींच्या पादुका पंढरीला जातात. शिवाय मिरवताना मूर्तीवर वस्त्रं, दागिने, हार इतके असत की चेहऱ्यापलीकडे फारसं दिसतच नसे. आज आपण कौतुकाने बघतो तो कमरेचा बाक तेव्हाच्या भाविकांना क्वचितच दिसला असेल.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र झीज. घरच्या पूजेतल्या जुन्या, लहान पितळी मूर्तींचे नाक-डोळे गुळगुळीत झालेले असतात. पाहणाऱ्याला वाटतं, कारागीर कच्चा होता. तसं नसतं. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना अंघोळ घातली, पुसलं, गंध लावलं. सासवडच्या देवघरातला आपला खंडोबाचा टाक आठवतो का? घोड्यावरचा देव आता नुसता उंचवटा उरलाय, कारण दर सणाला आजी तो चिंचेने घासते. म्युझियममध्ये वस्तू हाताळणारे हातमोजे घालतात हे ऐकून ती हसायलाच लागली. "हातमोजे घालून देवाला अंघोळ?" दोघांचंही खरं आहे. वस्तू टिकवायची असेल तर चिंच चालत नाही, आणि देव सांभाळायचा असेल तर तो झिजणारच. पार झिजला की सोनाराकडून नवा टाक करून घ्यायचा. टूरमध्ये हे सांगितलं की प्रश्नांचा पाऊस पडतो. पार मागे मोबाईल बघत उभे असलेलेसुद्धा पुढे येतात.

आणि आजीला म्युझियममध्ये फक्त देवच दिसतात असं समजू नकोस. पुण्यात राजा केळकर संग्रहालयात गेलो होतो तेव्हा तू लहान होतीस. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं आणि पुढे हजारो वस्तूंसह सरकारला देऊन टाकलं. पण त्या वस्तू कसल्या? अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं. वज्रीच्या कपाटापाशी आजी थांबली आणि जी सुरू झाली! टाच कशी घासायची, न्हाणीत वज्री कुठे ठेवत, तिच्या आईकडे मोराच्या आकाराची होती ती चोरीला कशी गेली. दहा मिनिटांत भोवती कोंडाळं. एका काकूंनी मध्येच दुरुस्ती केली, "आमच्याकडे अशी नव्हती," आणि दोघींची जुंपली. त्यातला निम्मा मजकूर लेबलवर नव्हता. टूर कशी द्यावी हे मी तिथे पाहिलं, इथलं प्रशिक्षण नंतरचं. त्या वज्रीला आजीने नमस्कार केला नाही, हेही लक्षात घे.

राहता राहिला तुझा तिसरा प्रश्न, मैत्रिणींबरोबर गेलीस तर तूही हात जोडायचे का. तुझी मर्जी. वाटलं तर जोड, नाही वाटलं तर लेबल वाच. जोडलेस तर जरा बाजूला उभी राहा, त्या दालनात मागून शाळेच्या सहली येत असतात.

तुझी,
आई