फॅट किती, आणि कसली?

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

सुरती म्हशीची फॅट वाढवणारं जनुक हा विषय आणंदला तू घेते आहेस, हे कळलं. विषय चांगला आहे, पण डेअरीवर दूध ओतताना विचारतात तेवढाच प्रश्न धरून बसू नकोस. फॅट किती हे एक; ती कसली, हे वेगळं.

'किती'चं मोठं जनुक 'डीजीएटी१'. २००२ साली गाईच्या चौदाव्या गुणसूत्रावर ते पक्कं झालं. त्याच्या प्रथिनात २३२व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असेल तर फॅट वाढते, दूध मात्र घटतं. तपासलेल्या म्हशींत तिथे लायसिनच सापडलं आहे. जिथे फरकच नाही तिथे निवड कशाची करणार?

खरी गंमत 'कसली'मध्ये आहे. फॅट मेदाम्लांची बनते. चाऱ्यातली असंतृप्त, म्हणजे दुहेरी बंध असलेली मेदाम्लं कोटीपोटातले जिवाणू बरीचशी संतृप्त करून टाकतात, त्यातून स्टिअरिक आम्ल बनतं. मग जनावराचं स्वतःचं 'एससीडी' हे विकर (एन्झाइम) त्याच्या नवव्या-दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध घालतं आणि ओलेइक हे असंतृप्त आम्ल तयार होतं. स्टिअरिक ७० अंशांच्या आसपास वितळतं, ओलेइक १३-१४ला. तुपाच्या बरणीत खाली रवा आणि वर पातळ थर दिसतो ना, त्यात या वितळण्याच्या फरकाचा मोठा हात आहे.

जपानच्या काळ्या गुरांवर २००४ साली काम झालं. एससीडीच्या २९३व्या जागी व्हॅलिनऐवजी अ‍ॅलानिन असलेल्या जनावरांच्या मांसातली चरबी जास्त ओलेइकची आणि कमी तापमानाला वितळणारी निघाली. गोमांसाचं संशोधन म्हणून ते बाजूला सारू नकोस. तेच विकर कासेतही काम करतं, म्हणून ते निबंध तू आधी वाचावेस असं मला मनापासून वाटतं.

नमुने घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीच्या अंगावरची चरबी झडून दुधात उतरते, ओलेइक वाढतं आणि श्रेय उगाच जनुकाला मिळतं. व्यायल्याची तारीख, कितवं वेत, ओला चारा की सुका, सरकी पेंड किती, सगळं त्याच दिवशी वहीत उतरव. आणि जमेल तिथे एकाच रेड्याच्या मुली निरनिराळ्या गोठ्यांतून शोध. गोठा बदलूनही त्यांचं ओलेइक इतरांपेक्षा वरच राहिलं, तर त्या रेड्याचं रक्त तपासायला पाठव.

तुझा,
काका