नोकरी सोडायची नाही, तरी जीवन ख्रिस्ताला द्यायचे आहे

प्रिय भगिनी,

वय ३६, परिचारिकेची नोकरी, तुमच्यावर विसंबलेली आई आणि लग्न न करता जीवन ख्रिस्ताला समर्पित करण्याची जुनी ओढ, असे तुम्ही लिहिले आहे. ‘मग कॉन्व्हेंटमध्ये का जात नाहीस?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाने आपले पाचारण, म्हणजे देवाने दिलेली हाक, अर्धवट तर नाही ना, अशी धास्ती तुम्हाला वाटते, आणि म्हणून येत्या ईस्टरला एकटीनेच व्रत घेऊन टाकावे, असा तुमचा विचार आहे.

पाचारण अर्धवट नाही. पोप बारावे पायस यांनी १९४७ साली सेक्युलर इन्स्टिट्यूटना मान्यता दिली, ती नेमकी अशा जीवनाला. या संस्थांचे सदस्य ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन यांना स्वतःला बांधून घेतात, पण आपली नोकरी करत एकटे किंवा कुटुंबात राहतात. दुसरी वाट समर्पित कुमारिकेची. १९७० पासून कुमारिकेच्या समर्पणाचा प्राचीन विधी जगात राहणाऱ्या स्त्रियांनाही खुला आहे आणि बिशप तो करतात. मात्र तिथे पाठीशी संस्था असतेच असे नाही, आणि ‘विचारायला जवळ कोणी नाही’ हे तुम्हीच लिहिल्यामुळे मी आधी इन्स्टिट्यूटची चौकशी सुचवीन.

खरी कसोटी नातेवाइकांची नाहीच. कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेची घंटा होते. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर बायबल उघडायचे की थेट अंथरुणावर पडायचे, हे तुम्हाला रोज एकटीनेच ठरवावे लागेल. दारिद्र्याचे व्रतही दिसते त्याहून कठीण आहे, कारण पगार तुमच्याच खात्यात येणार आणि तो साधेपणाने खर्च करण्याची शिस्त तुम्हालाच पाळावी लागणार. आईची औषधे त्या व्रताच्या आड येत नाहीत (दर वर्षी बदललेला फोन कदाचित येईल).

कित्येक सदस्य आपले समर्पण सहकाऱ्यांना सांगत नाहीत, म्हणजे पिठातल्या खमिरासारखे त्यांचे काम आतून चालते. तुम्हीही वॉर्डमध्ये गप्प राहिलात तर हरकत नाही. आईपासून मात्र लपवू नका.

ईस्टरची घाई मला पटत नाही. चर्चच्या कायद्यानुसार इन्स्टिट्यूटमधला सुरुवातीचा परीक्षाकाळच किमान दोन वर्षांचा असतो आणि त्यानंतरचे बंधनही निदान पाच वर्षे तात्पुरतेच राहते. आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून एखादे फादर किंवा सिस्टर आधी शोधा. इन्स्टिट्यूटच्या लोकांशी पहिली भेट होईल तेव्हा रात्रपाळीमुळे बैठक चुकली तर काय, आणि म्हातारपणी एकटीने राहणाऱ्या सदस्याची काळजी कोण घेते, हे दोन्ही प्रश्न संकोच न करता विचारा.