केपर, कबर आणि आपलं वाघाटं

प्रश्न असा: पास्त्यात मिरीएवढे हिरवे, खारट-आंबट दाणे असतात, त्या केपर्सना मराठीत काय म्हणावं? 'कबर' चालेल का?

नको. शब्द अस्सल आहे; अरबी-फारसीत त्या झुडपाला कबरच म्हणतात आणि स्पॅनिश 'अल्कापार्रा'तला 'अल' अरबीतूनच आलाय. पण 'वरून थोडी कबर घाला' असं पाककृतीत वाचून कुणाची भूक टिकेल?

मुळात तो दाणाच नव्हे, न उमललेली कळी आहे. बाटलीतली एक मी नखाने सोलून पाहिली: आत पाकळ्यांची घट्ट घडी आणि पुंकेसरांचा गुंता. झाडावर राहिली असती तर पांढरं फूल, जांभळट केसरांचा झुपका आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य. म्हणून उन्हाळाभर आठ-दहा दिवसांनी तेच झुडूप पुन्हा खुडायचं, तेही हाताने, पानांच्या देठाशी जोडीने वळलेले काटे सांभाळत. सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधल्या पांतेलेरिया या ज्वालामुखीच्या बेटावर कळ्या समुद्री मिठात मुरवतात. ताजी कळी कडू लागते. मुरली की मोहरीसारखा झणका येतो. ७ मिलिमीटरपर्यंतची बारीक कळी सगळ्यात महाग. झुडूप मात्र चिवट. चुनखडीच्या कड्यात, पडक्या भिंतीत, कुठेही रुजतं. जेरुसलेममधल्या ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीच्या फटींतूनही लोंबतं.

इंग्रजीतली गंमत वेगळीच. जुन्या रूपाच्या शेवटी 'स' होता, तो लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि 'केपर' हे एकवचन तयार झालं. आपण उलटं करतो, 'एक चिप्स दे' म्हणतो.

आता नातं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारस सोडताना ज्याची भाजी करतात ते वाघाटं, म्हणजे गोविंदफळ, याच कुळातलं, अगदी सख्खं चुलत. नावही त्या वाघनखासारख्या काट्यांवरून. तरी केपरला वाघाटं म्हणू नये: वाघाट्याचं आपण फळ खातो, तिथे कळी. राजस्थानातल्या केर-सांगरीच्या भाजीतलं केरही याच घरातलं, त्याचंही फळच.

तेव्हा 'केपर' लिहा, फार तर 'केपरच्या कळ्या'. संस्कृतच हवं असेल तर आयुर्वेदात 'हिंस्रा' आहे. लिव्ह-५२ या यकृताच्या औषधाच्या घटकांत दिसेल. पण पिझ्झ्यावर हिंस्रा भुरभुरायची माझी तरी हिंमत नाही.