माझे मॅनेजर पुढच्या महिन्यात कंपनी सोडत आहेत आणि यंदा माझं प्रमोशन जवळजवळ ठरलं होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून काय करू? की त्यांच्यासोबत नव्या कंपनीत जाऊ?

तुमच्या प्रश्नातल्या ‘जवळजवळ ठरलं होतं’ या तीन शब्दांवर मी थांबले. कुणी ठरवलं होतं आणि कुठे लिहिलंय? लिहिलेलं नसेल तर ठरलेलंच नाही असं धरा आणि उद्यापासून कामाला लागा. तुमच्या हाताशी एक महिना आहे, तो पुष्कळ झाला. मला दोन महिने मिळाले होते आणि मी ते साहेबांच्या शब्दावर विसंबून घालवले.

चाकणला महाळुंग्याच्या बाजूला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीत होते. डिप्लोमा करून २०११ साली ट्रेनी म्हणून लागले, २०१८ पर्यंत सीनियर इंजिनिअर झाले होते. ऑटोवाल्यांना ते वर्ष वेगळं सांगायला नको. वाहनांचे भाग बनवणाऱ्यांना लागणारं टीएस १६९४९ हे दर्जाचं जुनं सर्टिफिकेट १४ सप्टेंबर २०१८ नंतर चालणार नव्हतं, त्याआधी आयएटीएफ या नव्या मानकावर जायचं होतं. आमच्याकडे ते सगळं काम माझ्या टेबलावर आलं. कंट्रोल प्लॅन आणि एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं याचा तक्ता) नव्याने, प्रॉडक्ट सेफ्टीचं नवं कलम, कंटिन्जन्सी प्लॅन, गेजेसचा, म्हणजे मोजायच्या साधनांचा, आर अँड आर (मापं किती भरवशाची याची चाचणी) पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये ऑडिट झालं. मेजर (मोठी त्रुटी) एकही नाही, मायनर (किरकोळ) तीन. ऑडिटर गेले त्या संध्याकाळी मी बसमध्ये बसल्याबरोबर झोपले ते थेट भोसरीला उठले.

त्याच वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून बोअरमध्ये (भागाच्या भोकात) बर, म्हणजे धातूची बारीक कड, राहतोय अशी तक्रार आली. दोनदा एट-डी (तक्रारीचं कारण आणि उपाय सांगणारा अहवाल) लिहून पाठवला, दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी मी नऊ रात्री लाइनवर उभी राहिले. सातव्या रात्री कारण सापडलं. डीबरिंगचा, म्हणजे बर काढायचा, ब्रश किती नगांनंतर बदलायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पहिल्या शिफ्टचे काका हाताने चाचपून वेळेवर बदलायचे, तिसऱ्या शिफ्टचा मुलगा नवीन होता, तो ब्रश पार झिजेपर्यंत चालवायचा. मशीनवर काउंटर बसवला, ठरलेले नग झाले की मशीन थांबतं आणि ब्रश बदलल्याशिवाय सुरू होत नाही. ती तक्रार पुन्हा आली नाही.

हे सगळं साहेबांना माहीत होतं. माझ्या क्वालिटीच्या साहेबांबद्दल मला आजही आदर आहे. मायक्रोमीटर कसा धरायचा इथपासून त्यांनी मला शिकवलं. डिप्लोमावाली म्हणून मीटिंगला मागे बसायचे तेव्हा खुर्ची पुढे ओढून घ्यायला लावली. त्यांच्याकडे हिरव्या पुठ्ठ्याची एक डायरी असायची. कुणी काय केलं, कुठल्या तारखेला, नग किती वाचले, सगळं त्यात बारीक अक्षरात. माझ्या नावाची चार-पाच पानं तरी असतील, मी पाहिली आहेत. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला बोलावून सांगितलं, “यंदा तुझं असिस्टंट मॅनेजरचं करायचंच.” त्याच दिवशी ते डायरीत लिहिलंही.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. शेवटचा दिवस ठरला १५ मार्च २०१९. आमचं अप्रेझलचं वर्ष ३१ मार्चला संपायचं, फॉर्म एप्रिलमध्ये भरायचे, पत्रं जुलैत हातात. म्हणजे साहेब निघाले ते नेमके फॉर्म उघडायच्या आधी.

निरोप कँटीनमध्ये झाला. शाल, श्रीफळ, समोसे. साहेब बोलायला उभे राहिले, माझ्याकडे हात केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ही तुमची पुढची असिस्टंट मॅनेजर.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एचआरचे मॅनेजर तिथेच प्लेट घेऊन उभे होते, त्यांनीही मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं झालं, आता पत्राचीच वाट बघायची.

जुलैत पत्र आलं. रेटिंग पाचपैकी तीन, बाकी सगळं जिथल्या तिथे. असिस्टंट मॅनेजर झाला तो आमच्याच विभागातला तीन वर्षांपूर्वी आलेला मुलगा. तो वाईट नव्हता, त्याच्यावर माझा राग नाही.

नवे साहेब मेमध्ये आले होते. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की मला शब्द दिला होता. त्यांनी आवाज चढवला नाही की मला उडवून लावलं नाही. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सिस्टीमवर माझ्या नावाचा सहामाही फॉर्म होता, ऑक्टोबरमध्ये जुन्या साहेबांनी भरलेला. तीन ओळी. ‘चांगलं काम करते. ऑडिट सांभाळते. आणखी जबाबदारी देता येईल.’ नवे साहेब म्हणाले, “मी तुम्हाला दीड महिना पाहिलंय. या तीन ओळींवर मी वर काय मागायला हवं होतं, तुम्हीच सांगा.”

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही क्वालिटीवाले दिवसभर दुसऱ्यांना काय सांगतो? लिहिलेलं नाही म्हणजे झालेलं नाही. रजिस्टरवर सही नसेल तर इन्स्पेक्शन झालंच नाही असं धरून मी कितीतरी वेळा लाइनवरचा माल होल्डवर टाकलाय. कंट्रोल्ड कॉपीचा (अधिकृत प्रतीचा) शिक्का नसलेला एक कागद मशीनवर दिसला तर मी एनसी (त्रुटीची नोंद) काढायचे. आणि माझी अख्खी आठ वर्षं एका हिरव्या डायरीत होती, जी साहेब बॅगेत घालून घरी घेऊन गेले.

नंतर साहेबांची हँडओव्हरची नोट माझ्या पाहण्यात आली. चार पानं. कुठली तीन गेजेस कॅलिब्रेशनला गेलीत, कुठल्या सप्लायरचा पीपॅप (भागाच्या मंजुरीची कागदपत्रं) अडकलाय, कुठल्या तक्रारीचं उत्तर कधी द्यायचंय, सगळं नीट, तारखांसकट. विभागातल्या माणसांबद्दल एक ओळ नाही.

या प्रमोशनचा अर्थ माझ्यासाठी काय होता तेही सांगते, कारण ‘एक वर्ष उशिरा झालं तर काय बिघडलं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्याकडे आई-वडिलांचा मेडिक्लेम असिस्टंट मॅनेजरपासून वरच्यांनाच होता. २०२० साली कोविडमुळे बढत्या बंद राहिल्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर अण्णांची बायपास झाली. पैसे आम्ही भावंडांनी खिशातून भरले, माझी एफडी मोडली, अण्णा बरे झाले. मला बढती मिळाली जुलै २०२१ ला.

अण्णांची विचारपूस करायला साहेबांचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “अगं, मी एचआरला सांगून आलो होतो. प्लांट हेडलाही सांगितलं होतं. पुढचं त्यांनी बघायचं ना.” आमचं यावर आजतागायत एकमत झालेलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात भेटलो तेव्हाही हाच विषय निघाला. ते म्हणतात, माणूस कंपनी सोडून निघाला की त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, लिहून तरी काय उपयोग? मी म्हणते, तोंडी शब्दाची किंमत जाते म्हणूनच लिहायचं. राजीनामा दिलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही हे खरं. पण सिस्टीमवर त्याच्या लॉगिनने भरलेली पानं पुसली जात नाहीत, आणि नवा माणूस पहिल्यांदा तीच उघडतो. नोटीस पिरियडमध्ये त्यांनी गेजेससाठी चार पानं लिहिली. मला अर्ध पान लागलं असतं.

तर तुम्ही काय करायचं. कामाची यादी करायला बसा, आज रात्रीच. ‘ऑडिट सांभाळलं’ असं मोघम नको. काय अडलं होतं, तुम्ही काय केलं, आधी आकडा काय होता, नंतर काय झाला, तारीख. पाच-सहा कामं पुरेत. ती साहेबांना मेल करा आणि स्पष्ट विचारा की तुम्ही निघण्याआधी माझं या वर्षाचं मूल्यमापन सिस्टीमवर भरून द्याल का. फॉर्म उघडलेला नसेल तर त्यांना त्या मेललाच उत्तर द्यायला सांगा, ‘बरोबर आहे, प्रमोशनसाठी माझी शिफारस आहे’ एवढंच, आणि कॉपीत एचआर व त्यांचे वरचे साहेब. मागायला संकोच वाटेल. मलाही वाटला होता. जाणाऱ्या माणसाकडे आपलं काम काय काढायचं, असं आपल्याला घरातून शिकवलेलं असतं. पण भला माणूस नाही म्हणत नाही, उलट त्याला सुचलेलं नसतं ते तुम्ही सुचवता. आणि तो नाही म्हणाला तर ‘ठरलं होतं’ किती खरं होतं तेही कळेल.

वरच्या साहेबांना दहा मिनिटं भेटा, जमल्यास तुमचे मॅनेजर हजर असताना. तिघं एका खोलीत बसले आणि बोलणं झालं की ते नुसतं तुमच्या तोंडचं राहत नाही. संध्याकाळी त्या बोलण्याचा दोन ओळींचा मेल टाका.

नवे मॅनेजर आले की पहिल्या पंधरवड्यात एक पान घेऊन जा, पण ‘मला शब्द दिला होता’ या वाक्याने सुरुवात करू नका. मी तीच केली आणि तिथेच अडकले. त्यांना वाटतं की दुसऱ्याची उधारी आपल्या गळ्यात पडतेय. मी काय केलं, आत्ता काय चालू आहे, पुढच्या सहा महिन्यांत तुम्हाला माझ्याकडून काय लागेल, एवढं बोला. माझ्या नव्या साहेबांशी मी जुलैनंतर असंच वागले. दर महिन्याच्या पाच तारखेला एक मेल, पाच ओळी. २०२१ ला त्यांनी माझी शिफारस पाठवली तेव्हा त्या मेल्समधली वाक्यं जशीच्या तशी त्यात होती.

साहेबांसोबत जावं का, हेही तुम्ही विचारलंय. मलाही ऑगस्ट २०१९ मध्ये तळेगावला बोलावणं आलं होतं, मी गेले नाही. कारण सरळ होतं. तिथेही मी ‘त्यांची माणूस’ म्हणूनच गेले असते आणि ते पुन्हा निघाले की पुन्हा तेच. ज्यांचं याने भलं झालं असे लोकही मला माहीत आहेत, त्यामुळे हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर तेवढे काढून मग निघा.

दोन गोष्टी राहिल्या. पुरावा जमवायच्या नादात गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज किंवा कंपनीच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. त्याने नोकरी जाते. तुमच्या शब्दांत लिहिलेली यादी पुरते. आणि तुमचे साहेब वरच्यांशी भांडून निघाले असतील तर त्यांची शिफारस उलटी पडू शकते. तसं असेल तर आकडे वापरा, त्यांचं नाव कमी घ्या, आणि ज्या दुसऱ्या विभागांसाठी तुम्ही काम केलंय, प्रॉडक्शन, परचेस, त्यांच्याकडून दोन ओळी मागा.

लिहिलं की मिळतंच असंही नाही. मी २०२३ साली ती कंपनी सोडली तेव्हा माझ्या हाताखाली चौघं होते. नोटीस पिरियडमध्ये मी प्रत्येकाचं अर्ध-अर्ध पान लिहून सिस्टीमवर चढवलं, त्यांना वाचायला दिलं आणि एचआरकडून ‘मिळालं’ असं उत्तर घेतलं. चौघांतल्या दोघांना त्या वर्षी बढती मिळाली, दोघांना नाही. त्या दोघांतली एक मुलगी ते पान घेऊन प्लांट हेडकडे गेली. तिने विचारलं की यातलं काय कमी पडलं. त्यांना ते पान समोर ठेवून उत्तर द्यावं लागलं. मी माझ्या जुन्या साहेबांना हे फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बरं केलंस.”

आणखी एक. साहेबांच्या शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी दुपारपर्यंत लॅपटॉप जमा होतो आणि मेल आयडी बंद होतो. उरलेला वेळ सह्या गोळा करण्यात आणि निरोपात जातो. तुमचं उत्तर त्याच्या आधीच्या आठवड्यात तुमच्या इनबॉक्समध्ये यायला हवं.