२५ आठवड्यांचं बाळ जगेल की नाही, हे आधी सांगता येतं का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला पंचविसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्यात, डॉक्टर आकडा सांगत नाहीत, मग शक्यता धरायची तरी किती?

नुसत्या आठवड्यांवरून धरू नका. २००८ साली अमेरिकेत २२ ते २५ आठवड्यांच्या चार हजारांहून जास्त बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्यांशिवाय चार गोष्टींनी फरक पडत होता: वजन, एकटं की जुळं, जन्माआधी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन (बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून देतात ते) मिळालं का, आणि मुलगी की मुलगा. १०० ग्रॅम वजन जास्त असणं किंवा बाळ मुलगी असणं, यांतल्या एकेका गोष्टीचा फायदा जवळपास एक आठवडा जास्त पोटात राहिल्याइतका होता.

माझी लेक पंचविसाव्या आठवड्यातच झाली, ६९० ग्रॅमची. माझे चुलत सासरे वॉर्डाबाहेर नवऱ्याला म्हणाले, "सातव्यातलं तरी जगतं, हे सहाव्यातलं. त्यात मुलगी. कशाला लाखो घालवतोस?" मला ऐकू जाईल असंच बोलले. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ बाई आल्या आणि सगळ्यांसमोर बोटं मोजत म्हणाल्या, "वजन ठीक आहे, एकटीच आहे, आईची इंजेक्शनं पूर्ण झालीत, आणि मुलगी आहे. मुलींची फुप्फुसं मुलांपेक्षा लवकर तयार होतात." जे कारण दाखवून हे लोक तिला सोडून द्यायला निघाले होते, तेच डॉक्टर तिच्या बाजूनं मोजत होत्या. मी ते आजतागायत विसरले नाही आणि सासऱ्यांना विसरू दिलं नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. नळीतून एकेक मिली दूध जायचं. नर्स ओला लंगोट वजनकाट्यावर ठेवून लघवी मोजायची. कातडी इतकी नाजूक, की चिकटपट्टी काढताना ती आधी भिजवावी लागायची. लेक आता तिसरीत आहे, चष्मा आहे, पाढे तोंडपाठ आहेत.

तुम्ही आज आकड्याच्या मागे लागू नका, त्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं विचारा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डेक्सामेथासोन देतात, ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर बारा तासांनी. आणि डॉक्टर हलवायला हो म्हणत असतील तर चांगला एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, असलेल्या हॉस्पिटलात बाळंतपणाआधीच हलवा. झाल्यावर पेटीत घालून धावाधाव करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मुलगी की मुलगा हे मात्र सोनोग्राफीत विचारायचं नाही. तो गुन्हा आहे, आणि माझ्या सासऱ्यांसारखी माणसं घराघरांत आहेत म्हणूनच तो कायदा आहे.

हेही सांगायला हवं की ते आकडे अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलांचे, तेही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या बाळांचे आहेत. चारही गोष्टी बाजूनं असलेली बाळंही जातात. पहिल्या काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव झाला किंवा जंतुसंसर्ग झाला तर सगळा हिशोब बदलतो. डॉक्टर आकडा सांगत नाहीत ते बहुधा यामुळेच, त्यांच्यावर चिडू नका.

बाळ तरलं की डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकवू नका. इतक्या लवकरच्या बाळाची ती जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच व्हायला हवी, घरातलं कोणी "वाचली ना, आता आणखी खर्च कशाला" म्हणालं तरी.